मधली वायर

"कार्बन कुठे बसवतात याच्यात?" वाइंडरने मोटार उलटसुलट करून विचारलं.

"नसतातच. ब्रशलेस आहे ही," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही मोटारी भरता ना?"

वाइंडरचे कान तापले. वीस वर्षं त्याने मिक्सरच्या नि ड्रिलच्या मोटारींत तांब्याची तार भरली होती, आणि रिमोटच्या गाडीतल्या या मुठीएवढ्या मोटारीने पहिल्याच मिनिटाला त्याची अब्रू घेतली.

स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजत होती. त्याचं जिच्यावर मन जडलं होतं ती आत होती आणि मुद्दामच बाहेर येत नव्हती. "माझी ना नाही," तिने महिन्यापूर्वी सांगितलं होतं, "पण तिने हो म्हटलं तरच लग्न. तिचं मन मोडून मला संसार मांडायचा नाही."

घरात सगळे जिला मालकीणबाई म्हणत, ती ही असामी आता टेबलापलीकडे उंच स्टुलावर बसून चष्म्यावरून त्याला न्याहाळत होती. वाइंडरनेही पहिल्यापासून अहो-जाहोच धरलं होतं. उगाच विषाची परीक्षा कशाला?

"तुमच्या आधी एक जण आला होता," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याने नवीकोरी गाडीच आणली."

"मग?"

"दोघांनाही परत पाठवलं."

भिंतीवरच्या फोटोत एक मिशीवाला माणूस हीच गाडी हातात धरून हसत होता. एकेक भाग जोडून त्यानेच ती बांधली होती. तो गेल्यापासून मालकीणबाई गाडीला कुणाचं बोट लागू देत नसत. आज वाइंडरच्या हातात दिली, हेच खूप होतं.

त्याने रिमोट दाबला. मोटार नुसतीच थरथरली, फिरेना. त्याने मोटारीच्या तिन्ही वायरी सोडवल्या आणि दांडा बोटांनी फिरवून पाहिला. मोकळा होता, म्हणजे बेअरिंग ठीक. मग दोन-दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून तो दांडा फिरवू लागला. वायरी धड असतील, तर दांडा जड जायला हवा. पहिली-तिसरी टेकवली, जड गेला. पहिली-दुसरी टेकवली, हलका. दुसरी-तिसरी, पुन्हा हलका.

"मधली तुटलीय," तो म्हणाला. "वरून धड दिसते, पण आत सोल्डरचा डाग सुटलाय."

"मला माहीत आहे."

"मग दुरुस्त का नाही केलीत?"

"सोल्डरिंगला हात लावायची मला बंदी आहे."

"डॉक्टरांनी घातली?"

"घरच्यांनी," मालकीणबाई कडवटपणे म्हणाल्या.

वाइंडरला त्यांची दया आली. त्याने मन लावून डाग दिला, वायरी जोडल्या, गाडी फरशीवर ठेवली आणि ऐटीत रिमोट दाबला. गाडी सुसाट सुटली ती उलटी, आणि थेट त्याच्याच नडगीवर आदळली.

"अगं आई गं!"

मालकीणबाई पहिल्यांदाच हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"दोन वायरींची अदलाबदल झाली," नडगी चोळत वाइंडर पुटपुटला. आता आपलं काही खरं नाही, हे त्याला कळून चुकलं. तरी त्याने खाली वाकून वायरी बदलल्या. या वेळी गाडी सरळ गेली, खुर्चीला वळसा घालून शहाण्यासारखी परत आली.

मालकीणबाईंनी गाडी उचलून मांडीवर घेतली. हसू मावळलं होतं.

"पुन्हा बंद पडली तर?"

"पुन्हा बघू."

"आणि सारखीच पडली तर? नवी आणाल?"

"कशाला? हिच्यात काय वाईट आहे?" वाइंडरने फोटोकडे पाहिलं. "इतकी जीव लावून बांधलीय त्यांनी. आपण फक्त चालू ठेवायची."

मालकीणबाईंनी चष्मा काढून बाहीला पुसला, परत लावला. आतली भांडी वाजायची थांबली होती. वाइंडरने घाम टिपला आणि निघण्याच्या तयारीने पिशवी उचलली. हे घर त्याला फार आवडलं होतं.

तेवढ्यात मालकीणबाईंनी स्टुलावरून टुणकन खाली उडी मारली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने जोरात हाक दिली,

"आई, हे बाबा चालतील मला!"