बारावा धडा

“आधी माय नेम इज, मग हेक्टिक,” दुर्गेश्वरी मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या. आवाज चढला होता.

“माझं नाव त पोराले मालूम आहे ना जी,” अनुसयाबाई म्हणाल्या. “ते शिकून का करू? मले बारावा धडा शिकवा.”

वर्ग हसला. मॅडमनी कपाळाला हात लावला. गोंदियात इंग्रजी बोलायचा क्लास चालवणं म्हणजे आधीच डोक्याला ताप. सकाळी एक बॅच, दुपारी एक, संध्याकाळी ही, आणि मधल्या वेळात स्वयंपाक, सासरे आणि त्यांच्या गोळ्या. त्यात आठ दिवसांपूर्वी जवळच्या नागऱ्याहून ही पंचावन्न वर्षांची बाई येऊन बसली. रोज उशिरा यायची. पायांना चिखल असायचा, तो पायऱ्यांवर वाळायचा. बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. आणि पहिले अकरा धडे तिला नकोच होते.

बारावा धडा कामाच्या धबडग्याचा. आपण किती गडबडीत आहोत, जिवाला कसा ताण आहे, हे इंग्रजीत कसं सांगायचं त्याची यादी. हेक्टिक, पॅक्ड शेड्यूल, बॅक टू बॅक, डेडलाइन. कॉल सेंटरची मुलाखत द्यायला निघालेली पोरं हा धडा घोकायची. अनुसयाबाईंनी पहिल्याच दिवशी पुस्तकात बोट ठेवलं होतं आणि बजावलं होतं, “सतरा तारखेच्या आत झालं पाह्यजे. पोरानं पुण्याची तिकीट काढून ठेवली.”

मॅडमना वाटलं, सुनेपुढे मिरवायचं असेल. आज मात्र त्यांच्या संयमाचा बांध फुटला.

“काकू, पुण्याला जायचंय ना तुम्हाला? मग दुकानात काय बोलायचं, दवाखान्यात काय बोलायचं, ते शिका! तुम्हाला हेक्टिक कशाला हवंय?”

“जायचं नाही,” अनुसयाबाई म्हणाल्या, “म्हून त शिकून राहिली.”

मग जे कळलं ते असं. पुण्यातल्या मुलाच्या, टिंकूच्या घरची पोर सांभाळणारी बाई काम सोडून गेली होती. दोन महिने नातीला, खुशीला पाहायला कुणीतरी हवं. टिंकूने आईला न विचारताच तिकीट काढलं. आईने फोनवर तीनदा सांगितलं, रोवणा लागला आहे, भाताची लावणी टाकून येता येत नाही. टिंकूने तीनदा ऐकलं. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. प्रत्येक वेळी त्याचं एकच, “तुला असं काय काम असतं?”

आता काय काम असतं ते ऐका. नवरा वारल्यापासून पावणेदोन एकर धान अनुसयाबाईच पाहतात. रोवण्याला मजूर मिळत नाहीत, म्हणून चार बाया एकमेकींच्या बांधीत, चिखलाच्या भातखाचरात, आळीपाळीने उतरतात. दोघींचं झालं होतं. नंदाबाईंचं उरलं होतं, आणि शेवटी, वीस तारखेला, अनुसयाबाईंचं. सतराला त्या गाडीत बसल्या तर नंदाबाईंचा रोवणा अडणार. मग अनुसयाबाईंच्या बांधीत कोण पाय ठेवणार? पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, वाट पाहत नाहीत. जून झाले की वर्षाचं धान गेलं. हे टिंकूला कुणी शिकवायला नको होतं. दहावीपर्यंत पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन तोच आईच्या मागे बांधावरून चालायचा.

“आनि त्यानं फोनवर हेक्टिक म्हटलं, का मी लगेच फोन ठेवते,” अनुसयाबाई म्हणाल्या. “कायले हेक्टिक, कितीक हेक्टिक, कदी नाही इचारलं. म्हटलं, ह्या शब्दात काही त दम असन.”

मॅडमचा राग गेला नाही. तो फक्त अनुसयाबाईंवरून उठून पुण्याला गेला. त्यांनी फळा पुसला आणि देवनागरीत तीन वाक्यं मोठ्ठी लिहिली. “म्हणा माझ्यामागून.” अनुसयाबाई म्हणू लागल्या. जीभ अडखळत होती. पुढच्या बाकावरची टीना एरवी त्यांना पाहून फिदीफिदी हसायची, तीही आता सुटे सुटे शब्द म्हणून दाखवू लागली. पाऊण तास वर्गाने दुसरं काही केलं नाही.

आणि तेवढ्यात फोन वाजला. वर्गात फोन बंद ठेवायचा असा मॅडमचा नियम होता. मॅडमच म्हणाल्या, “उचला. स्पीकरवर घ्या.”

“आई, बॅग भरलीस का? गाडी सकाळची आहे.”

“टिंकू, मी येत नाही. रोवणा...”

“पुन्हा तेच! आई, दोनच महिन्यांचा प्रश्न आहे. तुला असं काय काम असतं गं?”

अनुसयाबाई उठून उभ्या राहिल्या, फळ्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द पाय रोवून म्हणाल्या, “टिंकू, इट इज व्हेरी हेक्टिक हिअर. माय शेड्यूल इज पॅक्ड. आय हॅव अ डेडलाइन.”

पलीकडे पुण्यातल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत राहिले.

“सॉरी आई,” टिंकू हळू आवाजात म्हणाला. पुण्याला गेल्यापासून टाकलेली गावची बोली त्याच्या तोंडात परत आली होती. “तिकीट कॅन्सल करतो मी. पण एवढं काम आहे, त आधी काऊन नाही सांगतलं?”