लाल स्पीकर
सोन्याच्या बांगड्या चोरीला गेल्या, सोबत लाल ब्लूटूथ स्पीकरही. "घरात बाहेरचं माणूस एकच," म्हणत सासूबाईंनी कामवाल्या मावशींना हाकलून दिलं. मावशी रडत गेल्या. आज भाजी चिरता चिरता सुनेनं ओट्यावरच्या स्मार्ट स्पीकरला सांगितलं, "गाणं लाव." "लाल स्पीकर जोडला," तो म्हणाला. तिची सुरी थबकली. चोरीला गेलेला स्पीकर इतक्या जवळ? स्वयंपाकघरात तर गाणं ऐकूच येईना. धीर करून ती म्हणाली, "आवाज वाढव." गाणं दणाणलं, ते थेट डोक्यावर, धाकट्या दिराच्या खोलीत. "अहो आई, ऐकलंत? हे तर भाऊजींच्या..." सासूबाईंनी छताकडे पाहिलंसुद्धा नाही. फडक्याला हात पुसत त्या पुढे आल्या. ओट्यावरच्या स्पीकरची वायर त्यांनी शांतपणे उपटली. त्या म्हणाल्या, "तू आपली भाजी चिर."