लॉबीतला पाय

मृणालीने हात वर केला आणि तिच्या मागचा आरडाओरडा एकदम थांबला.

वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावात कबड्डीचा अंतिम सामना चालू होता. शेवटच्या चढाईत यजमान गावाचा गडी कोपऱ्यातल्या खेळाडूला शिवून परतला. पलीकडच्या बाजूचे पंच हैबतराव यांनी गुण दिला. अलीकडच्या बाजूला मृणाली होती. तिने गड्याला बाद दिलं. दोन पंचांचं जुळलं नाही की मुख्य पंचाचा शब्द शेवटचा. मुख्य पंच होते काळुराम काका. त्यांनी शिट्टी फुंकली आणि गुण दिला.

गुलाल उडाला. गाव जिंकलं होतं.

मृणालीने हात तसाच वर ठेवला. तिचा हा पहिलाच अंतिम सामना. काळुराम काकांनीच तिला नियम शिकवले होते. हैबतराव तर तिच्या जन्माआधीपासून पंच. दोरीमागची माणसं इतकी जवळ होती, की त्यांचा श्वास तिला मानेवर जाणवत होता. हात खाली घेतला असता तर कोणी काही म्हटलं नसतं.

ती मैदानाच्या मधोमध गेली.

"काका, लहान तोंडी बोलते, माफ करा. त्याचा पाय आधी लॉबीत पडला. शिवला तो नंतर. कोणाला शिवायच्या आधी बाजूच्या पट्टीत पाय पडला, तर नियमानं तो बाद हाय."

"शिवला ना शेवटी?" हैबतराव तडकले. "आम्ही जन्मभर असंच देत आलोय. पोरी, आता इथनं बाहेर कसं पडायचं ते बघ."

एक खुर्ची उडत येऊन तिच्या पायाशी आपटली.

काळुराम काकांच्या कपाळावर घाम आला होता. काकासुद्धा गावाला घाबरले, असं तिला वाटलं.

"तुला नक्की दिसलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय काका. माझ्या पुढ्यातच पडला."

काकांनी शिट्टी तोंडात धरली. ती दातांवर खडखडली. मग त्यांनी ती जोरात फुंकली आणि गड्याला बाद दिलं.

गावातल्या चार जाणत्यांनी तिघांना गर्दीतून सोडवून शाळेच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. दारावर लाथा बसत राहिल्या. मृणाली भिंतीला पाठ लावून उभी होती. बऱ्याच वेळाने एका टेम्पोने त्यांना वडखळच्या नाक्यावर आणून सोडलं. हैबतराव पेणच्या रिक्षात बसून निघून गेले.

"काका," मृणाली म्हणाली. "चारचौघांत तुमचा शब्द मोडला मी. मला वाटलं, तुम्ही गावाला घाबरलात."

"घाबरलो होतोच गो," काका म्हणाले. "पण गावाला नाय."

एसटी येऊन त्यांच्या अगदी पुढ्यात थांबली. अजून लख्ख उजेड होता. काका एक पाऊल पुढे गेले, थबकले आणि चाचपडत त्यांनी मृणालीचा खांदा धरला.

"पाटी तेवढी वाच गो," ते हळूच म्हणाले. "वरीस झालं, मला नुसतं धुकं दिसतंय."