डोक्याकडची बाजू

"उचल," अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हरकाका म्हणाले आणि स्ट्रेचर वर आलं.

इतकं सहज, की तिलाच खरं वाटेना. उजव्या खांद्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर तिने पाण्याची बादलीही डाव्या हाताने उचलली होती. जिममध्ये परतली तेव्हा नुसता रॉडही उचलला गेला नव्हता. आणि उद्या परीक्षा. स्ट्रेचर घेऊन जिना उतरता आला तर पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्सवर, नाहीतर कायमचं फोन घ्यायला टेबलापाशी. म्हणून आज काकांनी जुनं स्ट्रेचर जिममध्ये आणलं होतं, त्यावर माणसाच्या वजनाइतक्या लोखंडी प्लेट्स बांधून वर ब्लँकेट घातलं होतं. एरवी ते पायांकडचं टोक धरून पुढे तोंड करून चालत. आज तिच्याकडे तोंड करून उभे होते.

"बघ! उगाच जीव टांगणीला लावून बसली होतीस," ते म्हणाले. "हा पेशंट तर कुरकुरही करत नाही."

ती हसली. मग तिला काकांच्या मानेवरची शीर दिसली. दोरीसारखी तटतटलेली.

ती डोक्याच्या बाजूला होती. माणसाचं जास्त वजन त्याच बाजूला येतं. तिच्या हातांना ते पाठ होतं.

"खाली ठेवा."

"का गं? दुखलं?"

"ठेवा, काका."

तिने ब्लँकेट काढलं. मोठ्या प्लेट्स सगळ्या पायांकडे, काकांच्या पुढ्यात.

"सरकल्या असतील," काका म्हणाले.

"पट्ट्याने आवळलेल्या?"

काका गुडघा चोळत राहिले. "जरा धीर यावा तुला म्हणून. अशी घाबरून जिन्यावर जायचं म्हणजे..."

"उद्या त्या टोकाला तुम्ही नसाल. आणि परवा यावर प्लेट्स नसतील, माणूस असेल."

तिने पट्टा सोडला. एकेक प्लेट आपल्याकडे ओढली, पुन्हा आवळली. तळहात पँटला पुसले. लगेच परत ओले झाले.

"एखादी तरी राहू दे की माझ्याकडे."

"नको. आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊ या."

काका वळले, तिच्याकडे पाठ केली आणि वाकून दांडे धरले.

"सांग," ते म्हणाले.

"उचला."

प्लेट्स एकमेकींवर वाजू लागल्या. दारापर्यंत वाजतच राहिल्या. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी पाय पुढे टाकला आणि पहिली पायरी चाचपली.