एका पासवर्डात सगळं

शाळेने वाचनालय, हजेरी, गणिताचा सराव असं सगळं एकाच पोर्टलवर आणलं आणि प्रत्येक मुलाला एकच पासवर्ड दिला. आठवीतली लेक गणितात दरवेळी काठावर पास व्हायची, म्हणून वर्गाच्या बाईंचा फोन आला तेव्हा बस चालवणाऱ्या तिच्या बाबांना वाटलं, या वेळी नापासच झाली.

"अहो, तुमच्या मुलीने सरावात सगळ्या शाळेला मागे टाकलंय," बाई म्हणाल्या. "वर्गात तोंड उघडत नाही, पण पोर्टलवर रोज पहाटे गणितं सोडवत बसते. आंतरशालेय स्पर्धेला आम्ही तिचंच नाव दिलंय."

बाबांनी डेपोतल्या झाडून सगळ्यांना ही बातमी सांगितली. घरी येऊन त्यांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली, तर तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, मी तो सराव एकदाही उघडलेला नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आजीला गोष्टींची पुस्तकं वाचायची होती, म्हणून तिला माझा पासवर्ड दिला होता."

बाबांनी आपल्या आईकडे पाहिलं. पाचवीत शाळा सुटलेली ती माउली खिडकीपाशी चष्मा पुसत बसली होती.

"पुस्तकं वाचून झाली, मग शेजारचं बटण दाबून पाहिलं," ती म्हणाली. "जमायला लागलं, तशी गोडी लागली."

आजीने नातीला जवळ घेतलं.



"रडू नकोस गं. बाईंना एवढंच विचार, स्पर्धेला वयाची अट आहे का."