डब्याची झडती

परमनंट झाल्याच्या पहिल्या सकाळी भानुदास कारखान्याच्या गेटवर सवयीने कंत्राटी कामगारांच्या रांगेत डबा उघडून उभा राहिला.

वॉचमन हसला. “अहो, तुम्ही त्या गेटने जायचं. तुमच्या डब्याची झडती आता कोण घेतंय?”

भानुदास ओशाळून तिकडच्या परमनंट कामगारांत मिसळला. मागे कोंडिबाकाकांचा डबा उघडला. भानुदासला लेथ मशीन शिकवणारे काका अजून कंत्राटीच होते.

“एवढा शिरा कुणाला, बाबा?” वॉचमनने विचारलं.

“आमच्या ह्याला! परमनंट झालाय ना!” काकांनी हौसेने बोट दाखवलं.

सगळ्यांच्या नजरा भानुदासकडे वळल्या. “तुमचे कोण हे?” वॉचमनने भानुदासला विचारलं.

“कुणी नाही,” भानुदास पुटपुटला.

काकांनी डब्याला झाकण लावलं. “दुसराच कुणी वाटला, साहेब.”

लेथ सुरू करण्याआधी भानुदासने सवयीने मशीनला वाकून नमस्कार केला. हेही काकांनीच शिकवलेलं. त्याची मान वर होईना.