कोरा ठोकळा

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा. एका वेड्या मायेची कथा सांगतो.

विश्रामने माळावरच्या धावपट्टीशेजारी दोघांपुरतं विमान बांधलं. आसनांखाली बसवायचे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे कारखान्यातून आले. आत मधाच्या पोळ्यासारखी घरं. विमान आदळलंच, तर ती घरं चुरडत जाऊन धक्का पोटात घेणार. पण दोन्ही ठोकळे वरून किंचित चेपलेले! विश्राम तडक कारखान्यात गेला आणि कोठीवाल्याशी भांडून एक कोरा ठोकळा घेऊन आला.

"एकच?" बायको अनुसयाने विचारलं.

"एकच शिल्लक होता. तो तुझ्या आसनाखाली. मला पोचा आलेला चालतो."

"करपलेली भाकरीसुद्धा तुम्हालाच चालते! देवानं काय नवरा दिलाय!"

तो नुसता हसला.

पहिल्याच फेरीत, उतरताना वारा फिरला आणि विमान दाणकन आदळलं. विश्राम आपल्या पायांनी बाहेर आला. अनुसयाचा मणका मोडला होता. दवाखाना येण्याआधीच तिनं प्राण सोडला.

तेराव्याला कारखान्यातला इंजिनिअर आला. तो विश्रामसमोर बसला.

"काका, ठोकळे आम्ही मुद्दाम चेपतो. कोरा ठोकळा आधी ताठ उभा राहतो, आणि पहिला तडाखा माणसाच्या पाठीत जातो. चेपलेला मात्र लगेच दबायला लागतो."

"म्हणजे तिला मीच..." विश्राम म्हणाला.

मायबाप, सांजेला देवापुढं हात जोडाल, तेव्हा अनुसयासाठी जोडाच. पण विश्रामला विसरू नका. तो अजून जिवंत आहे.